दुसरीचे राष्ट्राध्यक्ष

सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या सहा मुलांनी निमूटपणे "हजर" म्हटलं. सातवा वकील होता. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण शिक्षकांच्या खोलीत सगळे त्याला वकीलच म्हणत.

"सर, आम्ही मघाशीच हजर होतो," तो म्हणाला.

सरांनी हजेरीपट नीट पाहिला. आजच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे खुणा होत्या. फक्त बटण म्हणत त्या मुलीच्या नावापुढे जागा रिकामी होती. त्यांनी हजेरीपट मिटला.

"बटण का नाही आली?"

"तिला गालगुंड झालंय," रेडिओ म्हणाली. दाराबाहेर कोण काय बोललं ते सगळं या मुलीला ऐकू येई आणि ती ते वर्गात सांगे. "दोन्ही बाजूंना. तिची आई शिपाईमामांना सांगत होती. तोंड उशीएवढं झालंय."

सर टेबलाच्या कडेला टेकले. बटण वर्गाची राष्ट्राध्यक्ष होती आणि आज तिसऱ्या तासाला तपासनीस बाई धडा पाहायला येणार होत्या.

'राष्ट्राध्यक्ष' हा धडा पुस्तकात दीड पानाचा होता. सर तो एका तासात वाचून संपवू शकले असते. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं की काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी आणि काही हातांनी, तर तिघांचीही सोय करा. म्हणून सोमवारी सरांनी प्रत्येक मुलाला एक चित्र दाखवलं, एक गोष्ट ऐकवली आणि मातीचा एक गोळा दिला. ज्याला जे आवडलं त्यावरून गट पाडले. डोळेवाले नऊ, कानवाले सात, हातवाले आठ. पंचविसाव्या मुलाने मातीचा गोळा चाखून पाहिला. त्याच्यासाठी प्रशिक्षणात गट नव्हता. सरांनी त्याला हातवाल्यांत बसवलं. तिथे त्याने दोन दिवसांत दीड खडू खाल्ला आणि त्याचं नाव खडू पडलं.

डोळेवाल्यांसाठी सरांनी पुठ्ठा कापून राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान केलं. आधीची सव्वीस वर्षं त्यांचे सगळे तक्ते आणि पुठ्ठे बायकोने कापले होते. ती जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसायची आणि कात्रीला कुणाला हात लावू द्यायची नाही. ती जाऊन साडेतीन महिने झाले होते. आता कात्री कुणीही घेतली तरी चालण्यासारखं होतं. सरांना दोन संध्याकाळी लागल्या आणि निवासस्थान फ्रीजसारखं झालं.

"सर, राष्ट्राध्यक्ष फ्रीजमध्ये राहतात?" डोळेवाल्यांनी विचारलं.

"बाहेरून तसं दिसतं," सर म्हणाले.

कानवाल्यांना ते रोज दहा मिनिटं गोष्टीसारखं सांगत. राष्ट्राध्यक्ष निवडून येतात. शपथ घेतात. कायद्यावर सही करतात, पटला नाही तर परत पाठवतात. कुणाला शिक्षा झाली असेल तर माफही करू शकतात. हातवाल्यांनी बुटाच्या खोक्याची मतपेटी केली. बुधवारी निवडणूक झाली. सगळ्या उमेदवारांनी भाषणात काही ना काही द्यायचं कबूल केलं. बटण एवढंच म्हणाली, "मी रडणार नाही," आणि निवडून आली. सरांनी आपली खुर्ची उचलून फळ्यासमोर ठेवली आणि सोपं करून सांगितलं, "जो या खुर्चीवर बसतो, तो अध्यक्ष." तेव्हापासून ते स्वतः उभे राहून शिकवत होते. या गडबडीत उपाध्यक्ष निवडायचं राहून गेलं.

असं काही ना काही राहून जात होतं, म्हणूनच तर तपासणी होती. मोठ्या बाईंनी त्यांना गेल्या आठवड्यात बोलावून घेतलं होतं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी पाणी दिलं.

"सर, मुलांचं नुकसान व्हायला नको, एवढंच. कार्यालयात दाखल्यांचं काम पडलंय. बसून करायचं, शांत काम आहे."

"शांतता घरी भरपूर आहे, बाई."

"तपासनीस बाई एक धडा बघतील. त्या म्हणतील तसं करू."

तपासनीस बाई तिसऱ्या तासाला अगदी वेळेवर आल्या. काखेत फाईल, गळ्यात चष्मा. मुलांनी उभं राहून नमस्ते म्हटलं. बाईंनी बसायला जागा शोधली. बाकं त्यांच्या गुडघ्याएवढी होती. मोठी खुर्ची वर्गात एकच होती. त्या तिच्यावर बसल्या आणि त्यांनी फाईल उघडली.

सरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर वकील उभा राहिला होता.

"बाई, तुम्ही निवडून आलात का?"

"कुठे?"

"इथे. ती राष्ट्राध्यक्षांची खुर्ची आहे."

"बस रे खाली," सर म्हणाले. "बाई, माफ करा, मी शेजारच्या वर्गातून दुसरी खुर्ची—"

"थांबा सर." तपासनीस बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमचे राष्ट्राध्यक्ष कुठे आहेत?"

"त्यांना गालगुंड झालंय," रेडिओ म्हणाली.

"मग उपाध्यक्ष?"

तपासनीस बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

"उपाध्यक्ष नाहीत," वकील म्हणाला. "पण बसतो तो अध्यक्ष, असं सर म्हणालेत. म्हणजे तुम्ही अध्यक्ष झालात. पण निवडून नाही आलात. म्हणजे हे चालणार नाही. एक तर उठा, नाही तर मतदान करू."

बाईंनी सभोवार पाहिलं. उठून बसायला कुठेच जागा नव्हती.

"करा मतदान," त्या म्हणाल्या.

हातवाल्यांनी हात मोजले. बाजूने चौदा, विरुद्ध नऊ. खडूने दोन्ही वेळा हात वर केला होता, त्याचं मत बाद झालं. कानवाल्यांनी बाईंना शपथ दिली. शपथ त्यांना तोंडपाठ होती, बाईच मध्ये दोनदा अडखळल्या. डोळेवाल्यांनी फ्रीज आणून त्यांच्या पायाशी ठेवला.

"हे काय?"

"तुमचं घर."

"अच्छा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फाईलमधल्या तक्त्यावर काहीतरी लिहिलं. सर उभे होते तिथून ते दिसत नव्हतं.

हातवाल्यांनी पहिला कायदा पुढे केला. गृहपाठ बंद. बाईंनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"मी यावर सही करणार नाही."

"का?"

"मला पटलं नाही."

वर्गात आनंदाची लाट आली. कानवाल्यांनी बाकं वाजवली. "परत पाठवला! परत पाठवला!" त्यांनी चार दिवस ऐकलेली गोष्ट त्यांच्यासमोर खरोखर घडत होती, आणि त्यापुढे गृहपाठाचं दुःख काहीच नव्हतं. सरांच्याही चेहऱ्यावर थोडं हसू आलं. पण बाईंनी पुन्हा काही लिहिलं आणि ते गेलं.

"आता माफीचे अर्ज," वकील म्हणाला. "दोन आहेत."

पहिला खडूचा होता. त्याला फळ्यापासून लांब बसायची शिक्षा झाली होती. तो स्वतःच पुढे आला.

"किती खाल्लेस?" बाईंनी विचारलं.

"दीड."

"कुठला रंग?"

"पांढरा. पिवळा कडू असतो."

"म्हणजे पिवळाही खाल्लास. माफी नाही."

खडूने मान हलवली. निकाल त्याला रास्त वाटला असावा.

दुसरा अर्ज रेडिओने खिशातून काढला. वहीचं फाडलेलं पान होतं, चार घड्या घातलेलं. हा अर्ज सरांना माहीत नव्हता.

"हा आम्ही बटणसाठी लिहिला होता," रेडिओ म्हणाली. "पण आता तुम्ही आहात." आणि ती मोठ्याने वाचू लागली. "राष्ट्राध्यक्ष यांस. आमच्या सरांना कार्यालयात बसायची शिक्षा होणार आहे. त्यांना माफ करा. ते चुकतात पण आम्ही सांगतो. आपली नम्र, दुसरी."

सरांच्या हातातलं डस्टर खाली पडलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

"सर काय चुकतात?" बाईंनी विचारलं.

विचारायचाच अवकाश होता. सगळ्यांना सांगायचं होतं.

"हजेरी दोनदा घेतात!"

"मंगळवारी पहिल्याच तासाला मधली सुट्टी दिली. ते आम्हाला आवडलं."

"काल ते खिडकीत उभे होते. आम्ही सातचा पाढा आमचा आम्ही म्हटला. मग आठचा म्हटला. मग सर आले."

"कुठून आले?"

"कुठून नाही. खिडकीतच होते," रेडिओ म्हणाली. "पण मग आले."

तपासनीस बाईंनी पेन मिटून पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

"हे लिहायला कोणी सांगितलं यांना?"

"मला माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

"आणि हजेरीचं?"

"ते खरं आहे," सर म्हणाले. "आजही घेत होतो."

बाई वर्गाकडे वळल्या. "हे बघा, कार्यालयात बसणं ही काही शिक्षा नसते. ते काम असतं."

"मग सरांना विचारा, त्यांना जायचंय का," वकील म्हणाला.

विचारायची गरज नव्हती, कारण सगळा वर्ग सरांकडे बघत होता. सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "मला इथेच राहायचंय."

"मग शिक्षाच," वकील म्हणाला आणि खाली बसला.

रेडिओने अर्ज आणि लाल मेणरंगाची कांडी पुढे केली. बटण सह्या त्या कांडीने करायची. तपासनीस बाईंनी कांडी घेतली, तिचं टोक पाहिलं आणि परत दिली. मग त्यांनी पर्समधून आपलं पेन काढलं. अर्जाखाली सही केली, लांबलचक, आडनावासकट. खाली हुद्दा लिहिला, खाली तारीख टाकली. फाईलमधल्या तक्त्यात शेवटी एक मोठा रकाना होता, वर 'शिफारस' असं छापलेलं. तो सरांना आता दिसत होता, कारण ते नकळत दोन पावलं पुढे आले होते. बाईंनी त्यात दोनच शब्द लिहिले, 'सोबत जोडले', आणि अर्ज त्या तक्त्याला टाचणीने लावला.

तासाची घंटा झाली. बाई फाईल मिटून उठल्या.

"बाई, तुम्हाला असं जाता येणार नाही," वकील म्हणाला. "तुम्ही अध्यक्ष आहात. राजीनामा द्यावा लागतो."

बाईंनी सरांकडे पाहिलं, सुटका करा अशा नजरेने. सरांना त्यांची थोडी दया आली. पण धडा धडा होता.

"लेखी लागतो," ते म्हणाले.

तपासनीस बाई पुन्हा बसल्या. त्यांनी कागद मागितला आणि एक ओळ लिहिली.

"कारण?" वकील म्हणाला. "कारण लिहावं लागतं."

बाईंनी थोडा विचार केला आणि आणखी दोन शब्द लिहिले. त्यांचं अक्षर गिचमिड होतं, मुलांना लागेना. सरांनी कागद हातात घेतला आणि वाचून दाखवला. "मी राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. कारण, काम झाले."

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा," वकील म्हणाला.

सगळ्यांचे हात वर गेले. खडूचा एकच हात वर होता आणि दुसरा खिशात.

"सर, तुम्ही पण करा. तुम्ही एकदाही मत दिलं नाही."

सरांनी हात वर केला. हातवाल्यांनी बोटाने दाखवत दाखवत मोजलं. पंचवीस. राजीनामा मंजूर झाला. तपासनीस बाईंनी वर्गाला नमस्कार केला, फ्रीज ओलांडला आणि त्या बाहेर गेल्या. व्हरांड्यातून मोठ्या बाईंच्या खोलीकडे जाणारी त्यांची पावलं सगळ्यांना ऐकू आली. मुलांनी वह्या काढल्या, कुणाची पेन्सिल खाली पडली, कुणीतरी ती शोधायला बाकाखाली गेलं. सर दाराकडे बघत उभे होते.

"सर," वकील हळूच म्हणाला, "मोजून झालं. हात खाली घ्या."