सासऱ्यांच्या गाडीतला गार हीटर

थंडी सुरू झाल्यापासून सासऱ्यांच्या गाडीचा हीटर गार हवा फेकत होता. घरचे दोन-दोन जावई धडधाकट असताना गाडी गॅरेजला न्यायची, हे सासूबाईंना काही पटेना. म्हणून सुट्टीच्या सकाळी दोघांनाही बोलावणं गेलं.

थोरले जावई पोहायला शिकवायचे. तलावाच्या या काठावरून त्या काठावर पोचेल असा आवाज त्यांनी कमावला होता, आणि घरी आले तरी तो काही खाली उतरत नसे. धाकटे चष्म्याच्या दुकानात. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवायची सवय, त्यामुळे बोलणंही तसंच, बारीक आणि जपून. दोघे साडू एकमेकांना फार मान देत, म्हणजे एकमेकांचं काहीही ऐकत नसत.

"थर्मोस्टॅट!" बॉनेट उघडायच्या आधीच थोरल्यांनी निकाल दिला. "इंजिनाचं पाणी तापतच नाही, मग हवा गरम होणार कुठून? बदलून टाकू."

"आधी बघू या का?" धाकटे म्हणाले.

"बघायचंय काय त्यात? मी सांगतोय ना!"

सासरे फाटकापाशी उभे होते, खिशात हात घालून. "राहू द्या हो," ते म्हणाले. "मला काही थंडी वाजत नाही. उगाच तुमचा सुट्टीचा दिवस..."

"तुम्हाला नाही वाजत, पण माझ्या बहिणीचं काय?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "कुडकुडत जाते बिचारी!"

ही बहीण म्हणजे मावशी. पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. सासरे रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला जात, तेव्हा मावशीही पुढच्या सीटवर बसून सोबत जात.

धाकट्यांनी इंजिन चालू केलं. थोडा वेळ गेला आणि तापमानाचा काटा शहाण्या मुलासारखा मध्यावर येऊन थांबला. म्हणजे पाणी तापत होतं.

"काटा खोटं सांगतोय," थोरले म्हणाले.

मग बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या बघितल्या. धाकट्यांनी जपून बोट लावलं. एक तापलेली. दुसरीही तापलेली. थोरल्यांनी खात्री करून घ्यायला अख्खी मूठ आवळली, आणि त्यांच्या ओरडण्यानं समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं, असं मागाहून कळलं.

"गरम पाणी हीटरपर्यंत पोचतंय," धाकटे म्हणाले. "हवाच त्या गरम जाळीवरून जात नाहीये. हवा तिकडे वळवायला आत एक झडप असते. तिचंच काहीतरी बिनसलंय."

थोरले हात नळाखाली धरायला आत गेले, आणि सासूबाई मलम शोधायला लागल्या. धाकट्यांनी हीटरची कळ फिरवून पाहिली. ती एका बोटानं गरगर फिरली, पलीकडून जराही ओढ नाही. त्यांनी टॉर्च तोंडात धरला, पाय सीटच्या पाठीवर टाकले आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं.

कळीपासून झडपेकडे जाणारी तार सुटलेली होती. नुसती सुटलेली नव्हे, तर बाजूला घेऊन सुतळीनं नीट बांधून ठेवलेली होती. दुहेरी गाठ, टोकं सारखी कापलेली. अशी गाठ त्या घरात एकाच माणसाला येत होती. सासऱ्यांची सगळी नोकरी पार्सल कचेरीत गेली होती.

तेवढ्यात गाडीच्या दारापाशी सासऱ्यांचे बूट येऊन थांबले.

"सापडलं का काही?" बुटांच्या वरून प्रश्न आला.

धाकट्यांनी तोंडातला टॉर्च काढला. "बाबा, गाठ सुरेख आहे."

बूट जरा मागे सरकले, मग पुन्हा पुढे आले. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले आणि कुजबुजले, "जावईबापू, तुम्ही कधी मावशींबरोबर गाडीतून गेलायत?"

"एकदाच. गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होत्या."

"झालं सांगून?"

"नाही. तेवढ्यात त्यांचं घर आलं."

"ते अजून चालू आहे," सासरे म्हणाले. मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी मन मोकळं केलं. "गार हवा लागली की त्या मफलर नाकापर्यंत गुंडाळतात. मफलरमधून बोलवत नाही. तशा वाईट नाहीत हो, जीव लावतात सगळ्यांना. मला फक्त तळ्यापर्यंतचा रस्ता शांत हवा होता. बाकी सगळा दिवस आहेच की त्यांचा."

सासऱ्यांचं दुःख असं उलटं लटकून ऐकायची वेळ धाकट्यांवर पहिल्यांदाच आली होती. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांच्या कहाण्या ऐकणारा माणूस तो, त्यांना पोटातून कळवळा आला. पण मावशी कुडकुडत होत्या हेही खरंच. त्यांनी थोडा विचार केला.

"हवा तोंडावर नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग पायांवर देऊ."

त्यांनी तार पुन्हा कळीला अडकवली. शेजारीच हवा वर किंवा खाली सोडणारी दुसरी झडप होती. ती त्यांनी पायांकडे वळवून धरली आणि म्हणाले, "ही मात्र तुम्हीच बांधा." सासरे त्या वयात डॅशबोर्डखाली शिरले आणि गाठ मारूनच बाहेर आले. चेहरा लाल, पण खूश.

हाताला मलम चोपडून थोरले बाहेर आले. "काय निघालं?"

"तार सुटली होती."

"थर्मोस्टॅटची?"

धाकट्यांनी टॉर्च खिशात टाकला. "त्याच बाजूची," ते म्हणाले.

"बघा! मी काय म्हणत होतो?" थोरल्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि सासूबाईंना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला ते आत वळले.

मावशींना बोलावून लगेच फेरी मारायची ठरली. त्या पुढे बसल्या, धाकटे मागे. गाडी कोपऱ्यावर वळली तशी मावशी म्हणाल्या, "अगं बाई, पायांना किती छान वाटतंय! पण तोंडावर का येत नाही?"

"गाडी जुनी आहे, मावशी," धाकटे मागून म्हणाले. "तेवढीच पोचते."

मावशींनी मफलर वर ओढला. मग काहीतरी आठवून पुन्हा खाली घेतला. "माझ्या गुडघ्याच्या वेळी ना, ते डॉक्टर..." सासऱ्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पण तळपायांची ऊब एव्हाना वर चढली होती. डॉक्टरांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. मावशींची मान कलली, डोकं काचेला टेकलं, आणि जुनं शिलाई मशीन चालावं तसं घोरणं सुरू झालं. ते हळूहळू वाढत काच थरथरेपर्यंत गेलं.

धाकटे पुढे झुकले. "बाबा, हे तर बोलण्यापेक्षा मोठं निघालं. तार परत सोडवू का?"

"छे, छे!" सासरे गिअर बदलत हलकेच म्हणाले. "घोरण्याला मध्येमध्ये 'हो का' म्हणावं लागत नाही."

आणि तळं आलं तरी गाडी न थांबवता त्यांनी ती तशीच पुढे काढली.