शेवटचा घोट

इयांथ माझ्या मेलेल्या बहिणीची मुलगी. त्रिनिदादहून ती एचआयव्ही घेऊन परत आली, आणि बोटीतून तिचा पाय इथे ग्रेनाडात पडायच्या आधीच बातमी गावभर झाली होती. आता ती रोजची गोळी घेते, माझ्याहून धडधाकट आहे, दिवसभर माझ्याबरोबर मासे तळते. ते मासे मात्र परगावची माणसंच घेतात. उष्ट्या भांड्यातून हा आजार लागत नाही, हे दवाखान्यातली नर्स घसा कोरडा होईपर्यंत सांगून गेली. गावाने माना डोलावल्या आणि करायचं तेच केलं.

रविवारी चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसायचो. प्रभुभोजनाला सगळे वेदीपाशी गुडघे टेकतात आणि एकाच प्याल्यातून द्राक्षारस पितात. इयांथ सगळ्यांच्या शेवटी जायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं होतं. तिच्यानंतर उरलेलं सगळं म्हातारे फादर ऑल्विन स्वतः पीत, रीतच आहे ती, आणि प्याला पुसून ठेवत. त्यावर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. आपल्यामागून कुणीतरी पितं, एवढ्यावर पोरगी आठवडा काढायची.

ऑल्विन वारले आणि फादर हॉलिस आले. तरुण, गोड गळ्याचे. त्यांनी फाटकावर पाटी लावली, ‘सर्वांचे स्वागत’, आणि मग आमच्या घरी आले.

‘‘इयांथ, तू शेवटी का येतेस? या रविवारी तू पहिली यायचंस.’’

‘‘नको फादर. मी आहे तिथे बरी आहे.’’

‘‘अगं, लोकांना शिकवायला नको का?’’

‘‘मग शिकवा की,’’ मी म्हटलं. ‘‘माझी पोर काय फळा आहे?’’

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

रविवारी त्यांनी प्रवचनातच तिचं नाव घेतलं. इयांथ पांढरा झगा घालून एकटी पुढे गेली आणि प्यायली. तिच्यामागून महिला मंडळाच्या यूलालीबाई आल्या. त्यांनी भाकर घेतली, प्याला समोर आला तशी ओठ घट्ट मिटून मान हलवली. पुढचीनेही तेच केलं. मग सगळ्यांनीच. रमच्या दुकानात कुणाच्याही ग्लासातलं ढोसणारा क्लेमंट, त्यालाही नेमकी त्या दिवशी सर्दी झाली होती. मी दोन घोट घेतले. तिसराही घेतला असता, पण फादरांनी प्याला काढून घेतला.

प्याला जवळजवळ भरलेलाच परत गेला. आता फादर पितील म्हणून इयांथ बघत राहिली. त्यांनी त्यावर रुमाल टाकला.

उपासना संपल्यावर वेदीची वस्त्रं धुवायला घ्यायची म्हणून मी मागच्या दाराने गेले, तर फादर ब्रेडफ्रूटच्या झाडाच्या बुंध्याशी द्राक्षारस ओतत होते. इयांथ माझ्या मागेच उभी होती.

‘‘जमिनीत ओतायची मुभा आहे,’’ ते म्हणाले. आम्ही काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. मग मीही गेले नाही. दुपारी फादर एक पेटी घेऊन आले. तिच्यात छोटासा चांदीचा प्याला होता. मी त्यांच्यापुढे जायफळ घातलेला गरम कोको ठेवला.

‘‘यापुढे मीच घरी येत जाईन,’’ ते म्हणाले. ‘‘हा खास तुझा प्याला, इयांथ. तिथवर यायचा त्रासच नको तुला. लोकांना जरा वेळ देऊ.’’

‘‘पहिली यायचं मी म्हटलं नव्हतं,’’ इयांथ म्हणाली. ‘‘मला माझी शेवटची जागा परत द्या, फादर.’’

‘‘आता ते अवघड आहे. आता सगळ्यांचं लक्ष असतं गं तुझ्याकडे.’’

‘‘ते कुणी वळवलं?’’ मी विचारलं. ते पेटीची कडी चाचपत बसले.

कोको त्यांच्यासमोर तसाच होता, वर साय धरली होती. इयांथने बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग कप उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

‘‘तुमचा प्याला घेऊन जा, फादर,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या घरात कप आहेत.’’