लेन्ससाठी स्थळ

हेमचंद्र कर्णिकांनी कॅमेऱ्यांच्या खोलीतल्या पलंगावर तीन ढीग केले होते. एक ठेवायचा, एक द्यायचा आणि एक ‘बघू’. चहा पिऊन खोलीत शिरले तेव्हा द्यायच्या ढिगात दोन कॅमेरे, एक फ्लॅश आणि चांगल्या चार लेन्स होत्या. जेवणाची वेळ होईपर्यंत तिथे उरला फक्त फ्लॅश, तोही बिघडलेला, आणि ‘बघू’चा ढीग पार उशीपर्यंत जाऊन पोचला. आता या माणसाला काय म्हणावं? अख्खी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी खात्यात काढली. हे पास, हे नापास, असं दिवसभर बिनदिक्कत सांगायचे. आणि घरातली एक पन्नास एमएमची लेन्स उचलून बाजूला ठेवायची, तर ती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे!

बरं, घाई होती. शनिवारी राजसी येणार होती. एकुलती एक मुलगी, नाशिकचं सासर सोडून येत होती, आणि कायमची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिने नोकरीसुद्धा धरली होती. बदलापुरात खरवईच्या या नव्या फ्लॅटमध्ये झोपायच्या खोल्या दोनच. एकीत नवराबायको, दुसरीत हेमचंद्रांचे कॅमेरे. म्हणजे मुलीला जागा हवी तर कॅमेऱ्यांनी हलायला हवं, इतका सरळ हिशोब होता.

“चार दिवस हॉलमध्ये झोपेल की,” हेमचंद्र म्हणाले होते.

“चार दिवस नाही हो. कायमची येतेय ती,” वृंदाताई म्हणाल्या.

“बघू.”

“काय बघू? अजून काय बघायचं राहिलंय?”

यावर हेमचंद्र उठून गॅलरीत गेले. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे बघत उभे राहिले, परत आत आले, पंखा लावला, बंद केला. त्यांना नेमकं काय टोचत होतं ते वृंदाताईंना चांगलं ठाऊक होतं. खोली रिकामी केली की मुलीचा संसार मोडला हे कबूल करावं लागणार. कॅमेरे जागच्या जागी आहेत तोवर ती पाहुणी. म्हणून तर वर्षभर तिचा फोन आला की हे म्हणायचे, “अगं, सुरुवातीला असं होतंच. जरा सांभाळून घे.” आणि फोन लगेच आईकडे द्यायचे. तिकडे काय होतंय, जावई महिना महिना बोलत का नाही, हे एकदासुद्धा विचारलं नाही. वृंदाताईंनी सांगायला तोंड उघडलं की यांना एखादी लेन्स पुसायची आठवण व्हायची.

आणि लेन्स काय पुसायचे! बदलापूरची हवा दमट, लेन्सच्या आत बुरशी धरते. त्यासाठी गोदरेजच्या कपाटात यांनी बल्ब बसवून घेतला होता, बारा महिने जळता. कपाट उघडलं की आत उबदार, कोरडं, अगदी लाडाकोडाचं. वर आतल्या छोट्या मीटरचा काटा बघून दमटपणा मोजायचा. वृंदाताईंचे पापड बाहेर सादळत पडायचे, ते चालायचं.

तरी शेवटी ठरलं. बायकोने दोन दिवस अबोला धरला तेव्हा हेमचंद्रांनी फोनवर जाहिरात टाकली. निम्मं विकायचं, निम्मं कपाटासकट गॅलरीत बसवायचं. वृंदाताईंना वाटलं, सुटलो. कसलं काय! खरी मजा तर पुढेच होती.

पहिला आला उल्हासनगरचा नितीन, जुन्या कॅमेऱ्यांचं दुकानच होतं त्याचं. वृंदाताईंनी पोहे केले. नितीनने पोहे खाल्ले, कपाटावरून एक नजर फिरवली आणि म्हणाला, “अंकल, सगळा माल एकदम उचलतो. टेम्पो लावतो. तुमची झंझट खतम.”

माल म्हणाला! हेमचंद्रांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माझ्याकडे माल नाही,” ते म्हणाले. नितीनला वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. तो हसला, कार्ड टेबलावर ठेवून गेला.

दुसरा अक्षय, रील बनवणारा. पोहे आले. त्याने लेन्स हातात घेतली आणि टी-शर्टच्या टोकाने काच पुसली. बस्स! हेमचंद्रांनी लेन्स अशी काढून घेतली की पोराच्या हातातला चमचा खाली पडला.

तिसऱ्या सुनंदाबाई. अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, सुट्टीत बारवी धरणाकडे फुलपाखरांचे फोटो काढायच्या. लेन्स दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडे करून आत बघितलं, टोपण आठवणीने लावलं. वृंदाताईंना वाटलं, आता जमलं. पोह्यांवर खोबरंसुद्धा जास्त घातलं.

“कितव्या मजल्यावर राहता?” हेमचंद्रांनी विचारलं.

“तळमजला.”

“ओल येते?”

“पावसाळ्यात थोडी येते. आता सगळ्यांकडेच येते ना, सर?”

“कपाट कुठल्या भिंतीला? बाथरूमच्या?”

सुनंदाबाईंनी खरं तेच सांगितलं. गेलं स्थळ. त्या गेल्यावर वृंदाताईंचा पारा चढला. “तुम्ही लेन्स विकताय की मुली उजवताय? चांगली बाई होती. तळमजल्यावर राहते हा काय तिचा गुन्हा? पोहे करून करून घरातले कांदे संपले माझ्या!”

“माहिती नको काढायला? एकदा दिली की दिली.”

हे बोलताना हेमचंद्रांचा आवाज जरा चिरकला. वृंदाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग बशा उचलून आत गेल्या.

त्या रात्री हेमचंद्रांना झोप म्हणून आली नाही. कूस बदलली की पलंग कुरकुरायचा आणि वृंदाताई सुस्कारा टाकायच्या. हेमचंद्रांना वाटायचं, सगळंच विकून टाकावं, नितीनला फोन करावा. लगेच वाटायचं, मग मी दिवसभर करू काय? मुलगी समोर बसणार. ती बोलणार. ते ऐकावं लागणार. आपल्याला पोटच्या पोरीची भीती वाटते, हे त्यांना स्वतःला सांगतासुद्धा येईना.

शनिवार उजाडला. ढीग तीनच्या तीन. राजसी संध्याकाळी येणार होती, आणि सकाळी दहाला आला सम्यक. उल्हासनगरचाच, लग्नांचे फोटो काढायचा. तिशी ओलांडलेला, शांत माणूस. त्याला लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स हवी होती, सत्तर-दोनशे. हेमचंद्रांची सगळ्यात लाडकी. घरात वारा यावा म्हणून वृंदाताईंनी दार उघडंच ठेवलं होतं, आणि बूट बाहेर काढून सम्यक आत येऊन बसला. पोहे आले. यावेळी बिनकांद्याचे.

“राहता कुठे?”

“तिसऱ्या मजल्यावर, सर. स्टुडिओपण वरतीच आहे. खाली दुकान भाड्याने दिलंय.”

“ओल?”

“नाय. आणि लेन्सला हवाबंद डबा आहे. बायको एडिटिंग करते, ती तर मला डब्याला हात धुतल्याशिवाय हात लावू देत नाय.”

“लग्नाच्या गर्दीत धक्का लागला तर?”

“पट्टा मनगटाला दोन वेढे. आजपर्यंत एक लेन्स पडली नाय, सर.”

हेमचंद्रांनी प्रश्नांची पोतडी रिकामी केली. पावसात काय करता? दुसऱ्या कुणाला वापरायला देता का? हळदीच्या कार्यक्रमात नेणार? तिथे हळद उडते, लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते. सम्यक म्हणाला, हळदीला मी जुनीच लेन्स नेतो. नापास करायला काही म्हणजे काही सापडेना. हेमचंद्र उठले, लेन्स आणली, तिच्यावर हात फिरवला, परत बसले, परत उठले. वृंदाताई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या होत्या. यांनी आता काही खोट काढली असती तर त्या काय बोलल्या असत्या ते सांगता येत नाही.

“घ्या,” हेमचंद्र शेवटी म्हणाले. “तुमची झाली.”

सम्यकने दोन्ही हात पुढे केले. पण लेन्स काही सुटेना. हेमचंद्रांनी ती तशीच धरून ठेवली आणि बोलायला लागले.

“एक मात्र करा. तुमचं हिच्याशी नाही जमलं तर हिला कोपऱ्यात टाकू नका. कुणाला तिसऱ्यालाच देऊ नका. सरळ परत आणून द्या.”

“सर, विकलेली वस्तू परत कोण घेतं?”

“मी घेतो. एका वर्षाने या, दोन वर्षांनी या. काय बिघडलं, कुणाचं चुकलं, काहीसुद्धा विचारणार नाही. मोडली तरी आणा. या घरात तिची जागा असेल. कळलं?”

त्यांचे डोळे भरून आले होते. सम्यक बिचारा मान हलवत होता.

“बाबा.”

दारात राजसी उभी होती. संध्याकाळची म्हणालेली, पण पहाटेच निघाली होती. खांद्याला एक पिशवी, हातात चाकांची बॅग, पायात चपला. चेहरा असा ओढलेला की वृंदाताईंच्या तोंडून “अगं बाई!” एवढंच निघालं. किती वेळ उभी होती कोण जाणे. पण शेवटचं सगळं तिने ऐकलं होतं.

“हे माझ्या पाठवणीला का नाही म्हणालात, बाबा?”

हेमचंद्रांच्या हातात लेन्स तशीच होती.

“मला म्हणालात, आता तेच तुझं घर. एवढंच. मी गाडीत बसून तुमच्याकडे बघत होते, अजून काहीतरी म्हणाल म्हणून.” ती रडत नव्हती. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच तो सहन होईना. “मला बघायला आले होते तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात तुम्ही. मुलगा निर्व्यसनी आहे, म्हणालात. घरात माणसं एकमेकांशी बोलतात का, एवढं विचारलं असतंत तरी चाललं असतं.”

“राजसी, आत ये गं,” वृंदाताई म्हणाल्या.

“आई, मी हेच सांगायला लवकर आले. अंबरनाथला एक खोली बघितलीये, तीन मुली राहतात. पुढच्या आठवड्यात रिकामी होतेय. बाबांना काही हलवायला लागू नये.” तिने पलंगावरच्या ढिगांकडे बघितलं. खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. “तोवर मी हॉलमध्ये झोपेन. चारच दिवस.”

चार दिवस! तो शब्द तिच्यापर्यंत कसा पोचला हे हेमचंद्रांनी बायकोकडे बघून विचारलं नाही. त्यांना धरणी दुभंगावी असं झालं. इतकी वर्षं वस्तू तपासून पास-नापास करणारा माणूस, आणि आज पोटच्या पोरीने त्यांच्याच घरात त्यांना नापास केलं होतं. तेही बरोबर केलं होतं.

सम्यक हळूच उठला. “सर, मी नंतर येतो.”

“थांबा!” हेमचंद्र केवढ्यांदा ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “जाऊ नका. कपाटाची ती बाजू धरता का? एकट्याने नाही हलणार.”

लेन्स त्यांनी सम्यकच्या खुर्चीवर ठेवून दिली आणि आत गेले. पलंगावरची चादर चारी टोकांनी उचलली, ठेवायचं, द्यायचं, बघू, सगळं एकत्र झालं. काचेवर काच वाजली. वृंदाताईंनी डोळे मिटून घेतले. हेमचंद्रांनी ते गाठोडं हॉलच्या कोपऱ्यात टेकवलं, भिंतीतून बल्बची वायर उपटली आणि कपाटाला खांदा लावला. दोघांनी मिळून ते घासत, ओरखडे पाडत खोलीच्या दाराबाहेर काढलं. नव्या फरशीवर पांढरी रेघ उमटली.

“सर, यातलं काय काय द्यायचंय?” सम्यकने धापा टाकत विचारलं.

“मला एक कॅमेरा पुरतो. तुम्हाला लागेल ते घ्या. उरलेलं त्या नितीनला सांगून पाठवतो.”

“त्याच्या दुकानात लय ओल आहे, सर.”

“असू दे.”

हेमचंद्र दाराशी आले. राजसी अजून उंबऱ्याबाहेरच होती. त्यांनी तिची बॅग उचलायला हात पुढे केला. तिने दांडा सोडला नाही.

“तुझी खोली मोकळी आहे,” ते म्हणाले.

“किती दिवसांसाठी, बाबा?”

हेमचंद्रांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. कपाळावरून घाम गळत होता आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं. मग तिथेच, दारातल्या जमिनीवर, ते खाली बसले.

“तिकडे काय झालं ते सांग मला,” ते म्हणाले. “सगळं सांग. मी कुठे उठून जाणार नाही.”

बॅग राजसीने हातातच ठेवली, पण चपला काढल्या.