उपाशीपोटी

सप्टेंबर ते एप्रिल इंगवाल्डच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो कॉड माशाच्या लिव्हरच्या तेलाने, बाहेर उजाडलेलं असो वा नसो. साडेसहाला तो बाटली काढी, एक चमचा स्वतः घेई, तोंड वाकडं करी आणि त्याच चमच्याने पुढचा चमचा लाबानला पाजी. लाबान म्हणजे त्याचा सात वर्षांचा मिशाळ, बुटका श्नाउझर कुत्रा. तो तोंडबिंड वाकडं करत नसे. चमचा तर चाटेच, वर इंगवाल्डची बोटंही चाटून स्वच्छ करी.

"या घरात एकच शहाणा आहे," त्याची बायको तोरब्योर्ग म्हणे, "आणि त्याला शेपटी आहे."

मे महिन्याच्या एक तारखेला बाटली कपाटात मागे जाई. लाबानला तारखा कुठून कळणार? तो पुढचे चार-पाच दिवस ठरल्या वेळी टेबलाखाली आ वासून बसे. मग इंगवाल्ड त्याला रिकामी बोटं दाखवी आणि म्हणे, "संपलं रे बाबा, आता सप्टेंबरात."

यंदा एप्रिल संपायला दोन दिवस उरले असताना लाबानने जेवण टाकलं. रात्रीतून तीनदा ओकला. सकाळी पुढचे पाय जमिनीवर पसरून, बूड वर करून उभा राहिला, आणि पोटाला हात लावू देईना. इंगवाल्डने चाळीस वर्षं समुद्रावर काढलेली. अंगातली ताकद गेली की काय करायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने एकाऐवजी दोन चमचे तेल पाजलं आणि फेरीबोट गाठली.

मोठ्या बेटावर जनावरांची डॉक्टर होती, आस्लाउग. इंगवाल्डने तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, त्यामुळे त्याच्या लेखी ती अजून पोरच होती. तिने लाबानचं पोट चाचपलं, एक्स-रे फोटो काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काही गिळलंय का याने?"

"तोरब्योर्गचा एक लोकरी मोजा सापडत नाहीये," इंगवाल्ड म्हणाला. "पण ती तर माझा चष्माही हरवते."

"मोजा असला तरी फोटोत दिसत नाही. इंगवाल्ड, नीट ऐका. मोजा अडकला असेल तर पोट उघडावं लागेल. पण स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर उघडण्यातच हा दगावेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. काय ते रक्तच सांगेल."

रक्त काढलं, यंत्रात फिरवलं. नळीत वर पिवळट, नितळ पाणी दिसायला हवं होतं. दिसलं ते पांढरंफेक, दुधासारखं.

"रक्तात चरबी आहे," ती म्हणाली. "यातून यंत्र वाचूच शकत नाही. जेवला कधी?"

"काल संध्याकाळी दोन घास. तेही ओकला."

आस्लाउगने उलटी थांबवायचं आणि दुखणं कमी करायचं अशी दोन इंजेक्शनं दिली, कातडीखाली सलाईन सोडलं. रात्री जनावर ठेवायची तिच्याकडे सोय नव्हती. "उद्या पहिल्या बोटीने या. बारा तास पोटात काही नको. पाण्याशिवाय काहीही नाही."

तोरब्योर्गने हे इतकं मनावर घेतलं की लाबानचं ताट उचलून माडीवर ठेवलं. टेबलाखालची जमीन पुसली. इंगवाल्डने रात्री ब्राऊन चीजचा तुकडा तोंडात टाकला तर म्हणाली, "चुरा सांडलास तर तुलाही बाहेर झोपवीन."

सकाळी साडेसहाला इंगवाल्डने बाटली काढली. स्वतः एक चमचा घेतला. लाबानला उठवत नव्हतं, म्हणून गुडघे टेकून त्याच्या तोंडाशी चमचा नेला. लाबानने नेहमीसारखा चाटला नाही. पण मालकाचा हात होता, म्हणून हळूहळू प्यायला. तोरब्योर्ग समोरच कॉफी पीत बसली होती. ती म्हणाली, "कोट घाल, बोट चुकेल."

दुसऱ्या दिवशीचं रक्तही पांढरंच निघालं.

आस्लाउग नळी उजेडात धरून उभी राहिली. "बारा तास उपाशी, आणि तरी हे? खरं सांगा, कुणी काही दिलं?"

"कण नाही," इंगवाल्ड म्हणाला, आणि त्याला राग आला. "तोरब्योर्गला फोन लाव. तिने घर धुऊन काढलंय!"

आस्लाउग लाबानच्या हिरड्या बघायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने त्याच्या मिशीला नाक लावलं.

"तेल पाजलंत?"

"तेल पाजलं, हो. रोजच पाजतो. ते काय खाणं आहे?"

तो बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. आस्लाउग त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मीसुद्धा सकाळी चमचाभर पिऊनच आलेय. विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही."

"किती वाईट असतं ते? या दुखण्यात?"

"चरबी सगळ्यात वाईट."

"काल मी दोन दिले," इंगवाल्ड म्हणाला. "ताकद यावी म्हणून."

तिने लाबानला शिरेतून सलाईन लावलं. संध्याकाळी तिसरं रक्त काढलं. या वेळी नळीत पिवळट पाणी दिसलं. तिने थेंब स्वादुपिंडाच्या चाचणीच्या पट्टीवर सोडले. दहा मिनिटांनी दोन निळे ठिपके उमटले. एक तुलनेसाठीचा, एक लाबानचा. लाबानचा कितीतरी गडद होता. यंत्रानेही आता आकडे दिले. ते तिने दोनदा वाचले.

"स्वादुपिंडच," ती म्हणाली. "मोजा नाही."

"मग आता औषध दे."

"यावर वेगळं औषध नाही, इंगवाल्ड. सलाईन, दुखणं कमी करायचं, आणि वाट बघायची. तेच चाललंय."

"काल कळलं असतं तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, आणि इंगवाल्डला वाटलं, बोलली असती तर काय बिघडलं असतं.

त्या रात्री सोय नसतानाही आस्लाउग आणि इंगवाल्ड दोघंही लाबानसोबत दवाखान्यातच थांबली. पहाटे आस्लाउगने पुन्हा रक्त तपासलं. एव्हाना लाबानच्या मूत्रपिंडांनीही हात टेकले होते. "मी एवढंच करू शकते की त्याला त्रास न होता कायमची झोप लागेल," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल तेव्हा."

तोरब्योर्गचा फोन आला. मोजा सापडला होता, धुण्याच्या यंत्रामागे. इंगवाल्ड "बरं" म्हणाला आणि मग बाकीचं तिला सांगितलं. "मी समोरच बसले होते रे," तोरब्योर्ग म्हणाली.

तो लाबानजवळ जमिनीवर बसला. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा झाले. लाबानने डोळे उघडले, मान जेमतेम उचलली आणि सवयीने आ वासला.

"संपलं रे बाबा," इंगवाल्ड म्हणाला. "आज एक तारीख."

त्याने रिकामी बोटं दाखवली. लाबानने ती चाटली, एकेक करून सगळी. इंगवाल्डला हात मागे घेववेना. आस्लाउग इंजेक्शन भरून दारात उभी होती. तिच्याकडे न बघता त्याने होकाराची मान हलवली.