गडद निळा धागा

तिनं सुईच्या टोकानं काळा धागा उचलला आणि एका हिसक्यात ओढून काढला. मग दुसरा. मग तिसरा. कोटाच्या कोपरावर परवाच बारकाईनं केलेलं रफू ती आज स्वतःच्या हातानं उसवत होती, आणि दर टाक्याला तिच्या नाकपुड्या फुगत होत्या.

कोट गडद निळा होता. रफू काळ्या धाग्याचं.

"स्टेजवर सगळे दिवे माझ्याच अंगावर असतात हो," व्हायोलिनवाले म्हातारबुवा सकाळी दारात उभे राहून म्हणाले होते. "वाजवताना कोपर हलतं. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, माझ्या कोपरावर झुरळ बसलंय. मध्यंतरात एक बाई ते झटकायला आल्या."

सांगताना ते हसले होते. हसले म्हणूनच तिला जास्त लागलं. ओरडले असते तर तिलाही चार शब्द बोलता आले असते. आज संध्याकाळी त्यांचा पुन्हा कार्यक्रम होता आणि दुसरा कोट त्यांच्याकडे नव्हता. निघताना ते एवढंच म्हणाले, "बाई, नजर थकली असेल तर मोकळेपणानं सांगा. मी दुसरीकडे देत जाईन."

नजर थकली नव्हती. तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. खुर्चीच्या डाव्या अंगाला एक इवलासा पिवळा बल्ब मिणमिणत होता. त्याच्या उजेडात काळं रीळ आणि गडद निळं रीळ जुळ्या बहिणींसारखी दिसत.

तेवढ्यात नवरा शर्टाची बटणं लावत बाहेर आला. एक हात बटणांवर, दुसरा आपोआप भिंतीवर गेला. खट्. बल्ब बंद.

"अहो, मी बसलेय इथे!"

"दिवसाढवळ्या बल्ब कशाला? खिडकीपाशी सरक की."

"खिडकीत आभाळ आलंय."

"मग आभाळ जाईपर्यंत दुसरं काहीतरी उरक."

इमारतीतली पोरं त्याला बटणराव म्हणत. जिन्यातला दिवा, गच्चीच्या दारावरचा दिवा, कधीकधी शेजाऱ्यांच्या दारावरचासुद्धा. जाता-येता त्याचा हात बटणाशी गेल्याशिवाय राहत नसे. सुरुवातीला तिलाही ते पटलं होतं. फोन भरला की चार्जर काढून ठेवायचा, खोलीतून उठताना पंखा बंद करायचा, फ्रिजचं दार उघडून विचार करत उभं राहायचं नाही, जुने बल्ब काढून एलईडी लावायचे. यात चुकीचं काय होतं? शेजारणींना तिनंच ते सांगितलं होतं, तेही कौतुकानं.

मग इमारतीच्या फळ्यावर, कुणाच्या घरी सर्वांत कमी वीज लागली ते लिहायला लागले. त्यावर बटणरावांचं नाव आलं. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर त्यांच्याशी हात मिळवला. तिथून पुढे सगळं बिनसलं. बाहेरच्या खोलीतली ट्यूब गेली, मग स्वयंपाकघरातली. त्यांच्या जागी जिन्याच्या कोपऱ्यात लावतात तसले पिवळे बल्ब आले. एकदा तिचा भाऊ जेवून निघाला, तो एका पायात स्वतःचा बूट आणि एका पायात बटणरावांचा बूट घालून. हे त्याला घरी पोचल्यावर कळलं. सगळे पोट धरधरून हसले होते. तीही हसली होती. आता तिला त्या हसण्याचाच संताप येत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तिनं कोट उचलून त्यांच्या नाकापुढे धरला.

"हे बघा. निळ्यावर काळं. आजवर माझ्या हातून असं झालं नव्हतं. तुमच्या त्या बल्बापायी झालंय."

बटणरावांनी कोटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"रिळावर चिठ्ठी चिकटवावी ना. काळं, निळं. सगळा सवयीचा प्रश्न असतो. एकदा सवय लागली की अंधारातसुद्धा जमतं."

"अंधारात रफू?"

"बोलायची पद्धत असते एकेक." त्यांनी चपला घातल्या. "आणि आज मला लवकर जायचंय. नवीन माल लावायचाय."

दार बंद झालं. तिच्या हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. त्या सोडवाव्या लागल्या. मग तिनं कोटाची घडी घातली, रिळांचा डबा, सुया आणि कापड ताणायची लाकडी रिंग पिशवीत टाकली आणि म्हातारबुवांना फोन लावला.

"कोट न्यायला घरी येऊ नका. बाजारातल्या दिव्यांच्या दुकानात या. हो, आमचे हे असतात तेच."

दिव्यांच्या दुकानात दिवस-रात्र असा भेद नव्हता. छताला झुंबरं, भिंतींवर रांगेनं दिवे, काउंटरच्या काचेखालीसुद्धा दिवे. गिऱ्हाइकाला उजेड बघूनच उजेड घ्यायचा असतो, म्हणून उघडल्यापासून सगळे चालू. दारातून आत पाऊल टाकताच तिला डोळे बारीक करावे लागले. एवढ्या उजेडात हा माणूस रोज दिवसभर उभा असतो, या विचारानं तिच्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या.

बटणराव शिडीवर होते. वरूनच त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. कामाला बसायला आलेय."

"इथे? घरी काय कमी आहे?"

"उजेड."

काउंटरमागचे मालक खो-खो हसले. थोराड, मोकळे गृहस्थ. "या, या वहिनी! असं रोकठोक माणूस पाहिजे. त्या टेबलाशी बसा. तिथले दिवे नुसतेच जळत असतात, कुणीतरी खाली बसलं तर शोभा येईल." त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचा एक लवचीक मानेचा दिवा तिच्या डावीकडे सरकवून दिला.

तिनं डबा उघडला. काळं रीळ काळं होतं. गडद निळं निळं होतं. इतकी साधी गोष्ट. तिला रडू आलं नाही, फक्त दात एकमेकांवर घट्ट बसले. तिनं कापड रिंगेत ताणलं, सुई ओवली आणि कामाला लागली. कोट जुना, आतल्या शिवणीत रफूसाठी काढून घेण्याजोगा त्याच कापडाचा एकही धागा उरलेला नव्हता. म्हणूनच रंग तंतोतंत हवा होता. दिवा डावीकडे असल्यानं सुई धरलेल्या हाताची सावली नेमकी टाक्यावर पडत होती. पण घरच्यापेक्षा हा स्वर्ग होता. तिनं मान वाकडी करून वाट काढली.

जरा वेळानं एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आत आल्या. मुलीला जाड भिंगांचा चष्मा होता आणि तोंडावर, जबरदस्तीनं आणल्याची नाराजी.

"हिला अभ्यासाचा दिवा दाखवा. चांगला मोठा. सगळी खोली लख्ख झाली पाहिजे."

बटणराव शिडीवरून उतरले. आणि मग टेबलापाशी बसल्याबसल्या तिनं तो माणूस पाहिला, जो तिनं बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ते मुलीपुढे गुडघ्यावर बसले.

"खोलीला अभ्यास करायचाय का तुला करायचाय?"

मुलगी फिसकन हसली. "मला."

"मग खोली उजळून काय करायची? उजेड वहीवर हवा. छतावरचा मोठा दिवा बंद करायचा, हा लहान चालू. वीज कमी लागते आणि डोळ्यांना ताण नाही. आलं लक्षात?" ते एकेक शब्द सावकाश बोलत होते. "काटकसर म्हणजे अंधारात बसणं नव्हे बाळा. जिथे काम, तिथे पुरेसा उजेड. बाकीकडे बंद. आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसायचा. धूळ अर्धा उजेड खाते, वीज मात्र पुरी लागते."

टेबलापाशी सुई थांबली.

"आता हात दाखव तुझा. दोन्ही." त्यांनी मुलीचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. डाव्या हाताच्या करंगळीखाली शाईचा निळा पट्टा होता. "डावखुरी आहेस तू."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिताना हात ओल्या शाईवरून पुढे सरकतो, म्हणून ही कड रंगते. मग तुझा दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा?"

मुलीनं हवेत लिहून पाहिलं. डोकं तिरकं करून विचार केला. "उजव्या?"

"शाब्बास! नाहीतर आपल्याच हाताची सावली आपल्या कामावर पडते. सगळे जण डावीकडे ठेवतात, कारण दुकानदार विचारतच नाहीत. विचारायला हवं ना? कुठल्या हातानं काम करतेस, एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?"

मुलगी खूश झाली होती. शिकलेलं लगेच कुठेतरी वापरून बघायचं, हा मुलांचा स्वभावच. तिनं दुकानभर नजर फिरवली आणि सरळ टेबलापाशी गेली.

"काकू, तुम्हीपण डावखुऱ्या?"

"हो गं."

"मग तुमचा दिवा चुकीचा आहे. बघा, सावली पडतेय." तिनं दोन्ही हातांनी दिवा उचलला, कोटाला वळसा घालून उजवीकडे ठेवला आणि त्याची मान खाली वाकवली. कापडावरची सावली गेली. निळा धागा निळ्या कापडात शिरताना स्पष्ट दिसला. "आता?"

"आता छान," ती म्हणाली.

मुलगी वळली. "काका, तुमच्या लक्षातच नाही आलं!"

बटणराव अजून गुडघ्यावरच होते. मुलीच्या आईनं घाईनं तिला दटावलं, दिवा बांधून घेतला आणि दोघी निघून गेल्या. मालक उगाचच काउंटर पुसायला लागले.

बटणराव टेबलाशी आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "लोकांसमोर हे काय? तू डावखुरी आहेस ते मला काय माहीत नाही?"

तिनं टाका पूर्ण केला. मग मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि बटणरावांना ते बघवेनात.

"माहीत आहे. हेच तर म्हणतेय मी. तुम्हाला काही माहीत नसतं, तर मी तुमच्यावर रागावले नसते. बसून समजावलं असतं, जसं आत्ता तुम्ही त्या पोरीला समजावलंत. पण तुम्हाला सगळं माहीत आहे. कुठली बाजू, किती उजेड, कसा पुसायचा. रोज येईल त्याला तुम्ही ते शिकवता. आणि मला सांगता, रिळावर चिठ्ठी चिकटव."

"अगं, पण घरात..."

"घरात फळ्यावर नाव येतं. कळतं मला."

ते शिडीपाशी गेले, वर चढले नाहीत.

संध्याकाळच्या आधी म्हातारबुवा आले. त्यांनी कोट अंगात घातला, पांढऱ्या दिव्याखाली कोपर वाकवलं, पिवळ्या दिव्याखाली वाकवलं, बोटांनी चाचपलं. मग ते बटणरावांकडे वळले.

"तुम्ही उजेडातले जाणकार. तुम्हाला सापडतंय का बघा."

बटणरावांनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना सापडलं नाही.

"बाई, नजरेबद्दल बोललो ते विसरा," म्हातारबुवा म्हणाले आणि कोट अंगातच ठेवून घाईनं बाहेर पडले.

ती सामान आवरू लागली तसे मालक पुढे आले. "वहिनी, खरं सांगू? आज टेबलाचे दिवे जेवढे खपले तेवढे एरवी आठवड्यात खपत नाहीत. लोक तुमचा हात बघायला थांबतात आणि दिवा घेऊन जातात. ही खुर्ची एरवी रिकामीच असते. तुमचं काम इथेच आणत जा ना. दारावर पाटी लावा रफूची, माझी काही हरकत नाही."

ती नवऱ्याकडे वळली नाही.

"उद्या दुकान उघडलं की येते," ती म्हणाली.

बटणराव तिच्यामागे दारापर्यंत आले. त्यांच्या हातात लवचीक मानेचा नवा कोरा दिवा होता, खोक्यासकट.

"हा मी आजच घरी आणतो," ते म्हणाले. "तुझ्या खुर्चीपाशी लावतो. उजव्या बाजूला."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. पायरीवर क्षणभर थांबली.

"आणा," ती म्हणाली. "तुम्हाला पेपर वाचायला होईल."