ट्रकचे आरसे

आईला जाऊन सात दिवस झाले होते, आणि आबा सकाळीच जीप घेऊन महाडला गेले. गाडीला नवे आरसे बसवायला.

मैनाआत्या चुलीपाशी होती. "सुतकात गाडी नटवाया गेला माजा भाऊ!" ती म्हणाली. "बायकोची नाय तर नाय, लोकांची तरी लाज धरावी."

मलाही ते बरं वाटेना. मी पुण्याला शाळेत शिकवते. आबांचं पत्र आलं तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. 'झोपेत हृदय बंद पडले', एवढंच त्यात होतं. मी आल्यापासून त्याहून जास्त ते बोलले नव्हते. मी एस.टी. पकडली आणि त्यांना आणायला निघाले.

स्टँडमागे महिपती मेस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. आमची जीप लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. स्टिअरिंग डावीकडे, मागे समोरासमोर दोन बाकं, शेवटाला अडवायची फळी नाही. तिचा मूळचा आरसा तळहाताएवढा. घाटाच्या रस्त्यानं त्याचा स्क्रू ढिला झाला होता, आणि दोन वर्षं तो मान खाली घालून होता. त्यात आबांना स्वतःचा गुडघा दिसे.

महिपती तो काढून ट्रकचे आरसे बसवत होता. जाड लोखंडी पट्टी, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा, एकेका बाजूला दोन-दोन बोल्ट.

"आबा, ह्यात पार पोलादपूर दिसंल," तो म्हणाला. "म्हशीला हत्तीचं कान लावताय तुमी."

"घट्ट हाय का ते सांग."

"लोंबकळून बगा."

आबा खरंच लोंबकळले. साठीचा माणूस, सुतकातली वाढलेली दाढी, पट्टीला दोन्ही हातांनी धरून पाय वर उचललेले. महिपतीचं हसू विरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आबा, घरी चला," मी म्हटलं.

"शके, मागं बस गो जरा."

"कशाला?"

"बस. अगदी कडंला. तुजी आय बसायची तिथं."

लोकांसमोर आई नवऱ्याच्या शेजारी बसत नसे. घरापासून महाडच्या बाजारापर्यंत ती मागच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून बसायची. मी तिथे बसले. आबांनी पुढे बसून आधी एक आरसा फिरवला, मग दुसरा. महिपतीनं विडी काढली आणि तो बाहेर गेला.

"दिसतेस," आबा म्हणाले. मग मान न वळवता, आरशातच बघत, ते बोलायला लागले.

"बाजाराला चाललो व्हतो. कापडे गावाच्या अलीकडं मोरीवर गाडी उडाली. ती पडली. मला कळलंच नाय. मी बियाण्याचं बोलत व्हतो तिच्याशी. गाडीत ती कवा उत्तर देती? मैलभर गेलो. मग तंबाखूची डबी मागितली नि हात मागं केला. डबी येईना."

"आबा."

"परत फिरलो तर चालत येत व्हती. एक चप्पल पायात, एक हातात. म्हणाली, बायको सांडली तरी कळंना, पाटील. नि हसली."

मला वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं सांगतायत.

"कुणाला सांगू नका म्हणाली. पाटलीण गाडीतनं पडली म्हून गाव हसंल. बाजार केला. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. रात्री डोकं दुखाया लागलं, दोनदा उलटी झाली. पोलादपूरनं डॉक्टरला आणला. त्यानं इचारलं, कुठं पडल्या-बिडल्या का? ती माज्याकडं बगाया लागली."

"आणि तुम्ही?"

"मी नाय म्हणालो."

आरशात आबांचे डोळे माझ्यावर खिळले होते. मी इथून हलले तर त्यांना पुन्हा मागे रिकामं दिसेल, असं काहीतरी वेडं मनात आलं, आणि मी बाकाची कड धरून तशीच बसून राहिले. बाहेर महिपती कुणाला तरी पान्हा कुठे ठेवलास म्हणून विचारत होता.

"तू कुणाला बोलू नको," आबा म्हणाले. "दिवस होईस्तोवर तरी."

"मी नाही बोलणार. तुम्ही बोलायचं. आज, डॉक्टरांशी."

"आता काय उपेग?"

"ते पुन्हा कुणाला तरी हेच विचारतील, आबा. कुणीतरी नाही म्हणेल, आणि ते पुन्हा हृदय लिहून मोकळे होतील."

त्यांनी महिपतीचा हिशेब केला आणि गाडी सुरू केली. पोलादपूरला दवाखान्यासमोर त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद करेनात. आत दोन बायका होत्या. त्या औषध घेऊन निघून गेल्या. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि खाली उतरले. मी मागोमाग आत गेले.

डॉक्टर बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवत होते. "या पाटील," ते म्हणाले. "फार वाईट झालं."

"त्या राती मी खोटं बोललो," आबा उभ्या उभ्याच म्हणाले. "ती गाडीतनं पडली व्हती. सकाळी."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. पट्टी त्यांच्या बोटाला चिकटूनच राहिली. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डोक्याला कुठल्या बाजूला लागलं होतं?"

आबांनी हात वर नेला. उजव्या कानामागे. मग डाव्या. मग पुन्हा उजवीकडे, आणि तिथे पोहोचायच्या आतच तो हात अधांतरी थांबला.