ओट्यावरचा भाव

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण सांगताना सारखं ‘ह्ये, ह्ये’ करत बसले तर तुमालाच कळायचं न्हाई कोण ते. म्हणून घेते. सुनील. आमी जुन्नरकडच्या मढ गावचे. सुनील झाडावर चढतो, फांद्या छाटतो, घरावर कललेली झाडं तुकड्या-तुकड्यानं उतरवतो. मी खाली दोर धरते. लोक विचारतात, “बाई, भीती न्हाई वाटत?” वाटती की. म्हणून काय घरी बसू? त्याचा दोर दुसऱ्याच्या हातात देऊन मला झोप लागंल व्हय?

काम चांगलं हाये, भाव वाईट. अन् भाव वाईट का, तर आमच्या घरातल्या एका नेमापायी. माझे सासरे जानकूआबा एके काळी सगळ्या मढात पहिल्या नंबरचे चढणारे. त्यांचा नेम असा, की झाडाखाली उभं राहून पैशाचं बोलायचं न्हाई, झाडाला ऐकू जातं. भाव करायचा तो मालकाच्या ओट्यावर, चहा पिताना. अन् एकदा आकडा तोंडातून गेला की मागं घ्यायचा न्हाई. एकदा झाडाखाली घासाघीस झाली आणि त्याच झाडावरून आबा पडले, असं सासूबाईंनी मला लग्न झाल्या-झाल्या सांगितलं व्हतं. सासूबाई आता न्हाईत. आबांचा उजवा पाय तेव्हापासून वाळलेला हाये. त्या पडण्याचा विषय घरात कुणी काढत न्हाई.

म्हणजे बघा, झाड बघायच्या आधी भाव! गवंडी तरी जागा न बघता घराचा आकडा सांगतो का? मी किती वेळा सुनीलच्या कानीकपाळी ओरडले. तो म्हणायचा, “आबांनी सांगितलंय.” की संपलं.

तर मागच्या शिमग्याच्या सुमाराला पिंपरी पेंढारहून रखमाजीनानांचा फोन आला. बागायतदार माणूस. घराच्या कोपऱ्यावर जुनी चिंच, तिची थोरली फांदी नेमकी नातवाच्या खोलीवर आलेली, वारा सुटला की करकरायची. आमी मोटरसायकलवर गेलो.

नाना माणूस वाईट न्हाई. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, चहा आला, फरसाण आलं. बोलायला तर लई गोड. “सुनीलभाऊ, तीन हजार घ्या अन् वर सगळं लाकूड तुमचं. चिंचेचं लाकूड हाये, राव! वखारवाला हसत घेईल.”

“चालंल, नाना,” सुनील म्हणाला. झालं. मी बशीतला चहा तसाच ठेवला.

मग झाडाकडं गेलो. बुंध्याशी पिवळट भुसा पडलेला. मी कोयत्याची पाठ खोडावर मारली. खाली टणक वाजलं. खांद्याच्या उंचीला ढब. आणखी वर, ढब. भरल्या हंड्यावर अन् रिकाम्या हंड्यावर टिचकी मारून बघा, तसा फरक. त्या फांदीवर बसून ती कापायची, अन् ती खोडातून फुटते तो बेचकाच आतून पोखरलेला. कधी उकलंल, नेम न्हाई. असल्या झाडाला पलीकडच्या धडधाकट फांदीवरून दोर घ्यावा लागतो, थोडं-थोडं कापून खाली सोडावं लागतं. त्याला आणखी एक माणूस पायजे, दोन दिवस पायजेत. अन् लाकूड? पोकळ चिंच बघून वखारवाला हसला असता, पण आमाला हाकलताना.

ते ढब सुनीलनंही ऐकलं व्हतं. त्याला काय कळत न्हाई? तरी तो मुकाट्यानं कमरेला दोर बांधायला लागला.

“थांबा,” मी म्हणाले अन् नानांकडं वळले. “नाना, झाड आतून गेलंय. तीन हजारात न्हाई व्हायचं. आठ हजार पडतील, लाकूड तुमचं तुमी ठेवा.”

चारचौघांत थोबाडीत मारावी तसा सुनीलचा चेहरा झाला. “साधना! झाडाखाली? आबांनी काय सांगितलंय?”

“आतून पोकळ हाये ते, त्याला काय ऐकू जातंय!” मी ओरडलेच.

नानांचं तोंड आंबट झालं. “अहो, आत्ता ओट्यावर शब्द दिला ना? चहा निवला न्हाई तोवर भाव वाढला? ही कुठली रीत?”

खरं सांगते, मला लाज वाटली. शब्द फिरवणारी माणसं म्हणून आमचं नाव पार जुन्नरच्या बाजारापर्यंत गेलं असतं, मग बोलवलं कुणी असतं? पण सुनील वर बसलाय अन् बेचका उकलतोय, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं येत व्हतं. माझ्या हातातला दोर मी खाली टाकला. “मी धरणार न्हाई. जायचं तर बिनदोराचं जा.”

रागानं सुनीलचे कान लाल झाले व्हते. मग त्यानं कमरेची गाठ सोडली.

“जा, जा,” नाना म्हणाले. “तुमच्यासारखे पायलीचे पन्नास मिळतात.”

ओतूरपर्यंत सुनीलनं गाडी नुसती दामटली. तिथं पेट्रोल भरताना फोन वाजला. नानांच्या घरच्या सरूबाई व्हत्या. “पोरी, मी पण मुसळानं झाड वाजवून बघितलं गं. माझा नातू निजतो त्या खोलीत. ह्यांना काय बोलायचं ते बोलू दे. दुधाचे पैसे हायेत माझे, आठ हजार मी देते. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भागूला बरोबर घेतलं. दोन दिवस लागले. बेचक्याजवळचा तुकडा खाली आला तेव्हा नानांनी वाकून आत हात घातला. पार खांद्यापर्यंत गेला. सरूबाई पैसे आणायला आत निघाल्या, तर नानांनी त्यांना थांबवून स्वतःच्या खिशातून दिले.

निघताना सुनीलनं पोकळ खोडाची एक चकती गाडीला बांधली. “कशाला? बसायला पाट म्हणून ठेवणार का?” मी चिडवलं. त्यानं गाठ आणखी आवळली.

घरी येऊन ती चकती त्यानं आबांपुढं पडवीत ठेवली. “आबा, हिनं झाडाखाली भाव केला.”

तक्रार करत व्हता का काय, कळेना. मी पदर खोचून बोलणी खायला तयार राहिले. आबांनी चकतीत हात घातला, तो पलीकडून बाहेर आला.

“मी पडलो तो आंबा पण असाच व्हता,” ते म्हणाले. “झाडाखाली कुणी काय बोललं न्हाई तवा. सगळं ओट्यावरच ठरलं व्हतं. वर गेलो तवा कळलं, पोकळ हाये. पण उतरून सांगू काय? शब्द दिला व्हता. उतरायची लाज वाटली.”

“मग ती घासाघीस?” सुनीलनं विचारलं.

“तुझ्या आईला कायतरी सांगायला पायजे व्हतं.”

मला आबांचा राग यायला पायजे व्हता. त्या नेमापायी माझा नवरा कसल्या-कसल्या झाडांवर चढला, माझं मला माहीत. पण त्या म्हाताऱ्या माणसाला मान वर करता येईना, ते बघून माझेच डोळे भरले.

मग आबांनी मला विचारलं, “किती घेतलेस?”

“आठ हजार. भागूची मजुरी धरली, पेट्रोल धरलं, दोराची झीज धरली...”

“कमी घेतलेस.” त्यांनी वाळलेला पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं ठेवला. “ह्याचं काय लावलंस?”

तेवढ्यात सुनीलचा फोन वाजला. डिंगोऱ्याहून कुणाचं तरी झाड व्हतं. तो माणूस भाव विचारत असणार, अन् घरी चहाला या म्हणत असणार. सुनील आबांच्या पायाकडं बघत व्हता.

“येतो की,” तो म्हणाला. “पण आधी झाड दाखवा, पावणं. चहा मागनं.”